कातरायच्या आधी एक फोन

आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी दरसाल दिवाळी अंक काढतात. यंदा ते म्हणले, "मारुतीबाबा, तुमचा मेंढपाळीचा अनुभव लिहा." मी म्हणलं, मेंढपाळी माझ्या बापानं केली, आज्यानं केली, त्यात माझं वेगळं काय? लिहायचं तर मी सिनेमाचं लिहीन. गुरुजी हसले. हसू द्या. मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत मेंढरांमागं गेलो तो गेलोच. पण बारा वर्षं झाली, अंबड तालुक्यात कोणाला सिनेमासाठी जनावर पाहिजे असलं तर माझंच नाव निघतं. कोणी दुसरं नाव सांगितलं तर त्या माणसाला माहिती न्हाई असं समजायचं.

सिनेमा म्हणजे तुम्हाला वाटतो तो न्हाई. ह्याला शॉर्ट फिल्म म्हणतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. चुलीवर चहा ठेवला, उकळला, कपात ओतला, की सिनेमा संपला. गाणं न्हाई, हाणामारी न्हाई, थेटरात लागत न्हाई. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "मंग बघतं कोण?" तर ती पोरं म्हणली, "फेस्टिवलला पाठवतो." ते फेस्टिवल काय असतं हे समजायला मला दोन वर्षं लागली. समजलं ते असं. पैलवान कसा ह्या जत्रेतून त्या जत्रेत कुस्त्या धरत फिरतो, तसा हा सिनेमा गावोगावच्या महोत्सवांतून फिरतो. प्रत्येक महोत्सवात पंच असतात. ते आधी घरी बसून बघतात. पसंत पडला तर कळवतात. मंग सिनेमाच्या जाहिरातीवर नावाच्या दोन्ही अंगांनी पानांची डहाळी काढतात, म्हणजे समजायचं की ह्यानं तिथला फड बघितला. नापसंत केला तरी चिठ्ठी येते, अन् ती फार गोड असते. सोयरिकीला नकार देतात ना, "मुलगी लाखात एक आहे हो, पण आमच्या मुलाचंच सध्या मन न्हाई," तशी. अशा चिठ्ठ्या पसंतीपेक्षा दसपट येतात. पोरं त्या वाचून दोन दिवस जेवत न्हाईत, तिसऱ्या दिवशी दुसरीकडं पाठवतात.

माझं काम म्हणाल तर सोपं आहे. जनावर द्यायचं, त्याच्यासंगट आपण उभं राह्यचं, अन् कॅमेऱ्यासमोर ते जे करायला पाहिजे ते त्याच्याकडून करून घ्यायचं. लोकांना वाटतं मी काही मंतर मारतो. मंतर कशाचा, माझ्या खिशात हरभरे असतात.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नमुन्याची. एकदा चार जण गाडी घेऊन आले. म्हणले, "बाबा, मरतुकडा बैल पाहिजे. बरगड्या दिसल्या पाहिजेत." मी म्हणलं, "माझ्याकडं मरतुकडं काहीच न्हाई, मी सोडून." त्यातला एक म्हणला, "मंग आठ दिवस चारा कमी टाका ना, आम्ही नंतर येतो." मी त्यांना चहा पाजला अन् गाडीपर्यंत पोचवून दिलं. दुसरा एक जण आला, त्याला बकरीच्या डोळ्यात पाणी पाहिजे होतं. म्हणे तिचं पिल्लू गेलंय. मी विचारलं, खरंच गेलंय का? म्हणला न्हाई, गोष्टीत गेलंय. मंग मी म्हणलं, तिला गोष्ट माहिती न्हाई. पार सांज झाली, बकरी काही रडली न्हाई, तो रडकुंडीला आला.

ह्या कामात एक शब्द मी शिकलो, तो म्हणजे कंटिन्युटी. सिनेमा उलटासुलटा काढतात. शेवट आधी, सुरुवात नंतर. त्यामुळं सकाळच्या शॉटमध्ये बैलाच्या डाव्या शिंगाला गोंडा असला तर चार दिवसांनी काढलेल्या दुपारच्या शॉटमध्ये पण डाव्याच शिंगाला पाहिजे. शहरातली पोरं ह्याचे फोटो काढून ठेवतात. मला फोटो लागत न्हाई. मेंढपाळाला शंभर मेंढरांत कोणाच्या कानाला काय झालंय हे डोळे झाकून ठाऊक असतं. एकदा मी भर शूटिंग थांबवून सांगितलं होतं, "ही ती शेळी न्हाई, तिच्या बहिणीला आणलंय तुम्ही." तेव्हापासून पोरं मला कंटिन्युटीबाबा म्हणायची. मला त्याचा ताठा होता. आता जे सांगायचंय ते त्या ताठ्याचंच आहे.

चार वर्षांखाली प्रज्ञा आली. जालन्याची, मस्तगडातली. बाप शाळामास्तर, तिनं पुण्याला जाऊन सिनेमाचं शिक्षण घेतलेलं. तिच्यासंगट कॅमेरावाला शोएब, तो पण जालन्याचाच. तिच्या बापानं तिला सांगितलं होतं, "एक वर्ष देतो. एक सिनेमा कर. कुठं निवडला गेला तर तुझं खरं. न्हाई गेला तर गुमान बी.एड. करायचं." हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं, अंतरवाली सराटीच्या चौकात चहा पिता पिता. कॅमेरा पुण्याच्या एका सरांनी उसना दिलेला. एका मोठ्या महोत्सवाची अर्ज घ्यायची शेवटची तारीख ठरलेली. म्हणजे पोरीच्या मागं बाप, पुढं तारीख, अन् मधी माझी मेंढरं.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी सकाळी मेंढरं मोजते तर एक कमी. दिवसभर ती हुडकत फिरते. सांजच्याला मेंढी सापडते, तिला खांद्यावर घेऊन म्हातारी घरी येते. खेळ खलास. म्हातारीच्या कामासाठी तिनं तीन बाया बघितल्या, अन् शेवटी माझ्या घरात चुलीपुढं बसलेल्या माझ्या बायकोकडं बोट दाखवलं. गयाबाई म्हणली, "मला न्हाई येत ते नाटक." प्रज्ञा म्हणली, "मामी, नाटक न्हाई करायचं. मेंढी हरवली तर तुम्ही जे करता तेच करायचं." गयाबाई म्हणली, "मी तर ह्यांना शिव्या देते." पोरगी हसून म्हणली, "त्या पण द्या."

हरवणारी मेंढी म्हणून काजळी निवडली. काजळीच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळं, बाकी अंग मळकट पांढरं. खिशातले हरभरे तिला माझ्या आधी सापडायचे.

आता नीट ध्यानात घ्या. सिनेमात सकाळ ते सांज असा एकच दिवस. पण तो काढायला लागतात कितीतरी दिवस. पोरीनं आठ दिवस मागितले होते. मी म्हणलं, दिले. सहा दिवस बराबर काम झालं. गयाबाई तर अशी फिरली की शोएब म्हणला, "मामू, मामी को देखो, कॅमेरा कू पूछती भी नै." राह्यला होता फक्त शेवट. सांजवेळ, मेंढी सापडते तो भाग. सांजेचा उजेड रोज अर्धा घंटा मिळतो, त्यात जेवढं होईल तेवढं.

अन् सातव्या दिवशी परतीचा पाऊस आला. चार दिवस हलला न्हाई. तिकडं कॅमेरा दुसऱ्या कोणाला द्यायची वेळ झाली. प्रज्ञा जाताना माझ्यासमोर उभी राह्यली. "मामा, पंधरा दिवसांनी कॅमेरा परत मिळतो. त्यानंतर तारखेला चारच दिवस राहतात. मेंढरं जशी आहेत तशीच ठेवाल ना?"

मी म्हणलं, "ठेवतो."

पुण्याहून तिनं परत फोन केला. "मामा, लोकर तशीच राहील ना?"

"हो."

"नक्की ना?"

"अगं हो म्हणलं ना पोरी. मारुतीचा शब्द आहे."

आता कातरणीचं सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला वाटेल म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. पाऊस सरला की दसऱ्याच्या पुढंमागं एक कातरणी. भिजलेली लोकर अंगावर राह्यली तर खाली कातडीला खाज सुटते, गोचीड बसतो. अन् कातरणी एकट्यादुकट्याचं काम न्हाई. आमची सावड असते. सहा घरं मिळून आज ह्याची मेंढरं कातरायची, उद्या त्याची. ज्याची पाळी त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. पाळी चुकली की चुकली, सावड तुमच्यासाठी थांबत न्हाई. त्या साली माझी पाळी शेवटची होती. पाच घरची झाल्ती. दसरा होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण कातऱ्या घेऊन माझ्या दारात आले. प्रज्ञा यायला अजून आठ दिवस होते.

मी म्हणलं, "यंदा माझी राहू द्या. आठ दिवसांनी बघू."

सावडीत पुढारी रंगनाथ. वयानं माझ्याच बरोबरीचा, आमचं लहानपणापासून पटत बी न्हाई अन् करमत बी न्हाई. तो म्हणला, "आठ दिवसांनी आम्ही सोयाबीनच्या मागं असू. का बरं राहू द्यायची?"

"ती पोरगी यायची आहे. शूटिंग राह्यलंय."

रंगनाथनं बाकीच्यांकडं बघितलं. "ऐकलं का? आता मेंढरं कातरायला पोरीची परवानगी लागती मारुतीला."

सगळे हसले. गयाबाई दारात उभी होती. ती म्हणली, "अहो, फोन करून विचारा की तिला एकदा."

फोन माझ्या बंडीच्या खिशातच होता. एक बटन दाबायचं काम होतं. पण त्या पाच जणांसमोर मी पोरीला विचारू, अन् ती न्हाई म्हणली तर त्यांना माघारी धाडू? मी म्हणलं, "मेंढरं माझी आहेत. आणा त्या पहिलीला." पहिल्या मेंढीला हळद-कुंकू लावलं अन् पहिली कातर मीच चालवली.

काजळी दुपारी कातरली. तेव्हा हात जरा थांबला होता. पण रंगनाथ बघत होता.

कातरलेलं मेंढरू तुम्ही बघितलंय का? निम्मं होतं. मान बारीक, पोट बारीक, दुसरंच कोणतं तरी जनावर वाटतं. आठ दिवसांनी प्रज्ञा आली, वाड्यात मेंढरं उभी होती, तिनं इकडंतिकडं बघितलं अन् मला विचारलं, "मामा, आपली मेंढरं कुठं आहेत?"

मी काजळीकडं बोट दाखवलं.

शोएब बोलला. "मामू, ये क्या करको बैठे?"

मंग मी जे बोललो ते मला आजही आठवतं. मी म्हणलं, "आठ दिवसांचा शब्द दिल्ता. आठ दिवस कधीच संपले."

पोरगी वाड्याच्या दगडावर बसली. ती रडली असती तर मला सोपं झालं असतं. ती नुसती हिशोब लावल्यागत पुटपुटत होती. सकाळच्या शॉटमध्ये लोकर, दुपारी लोकर, अन् सांजच्याला अशी? एकाच दिवसात? म्हणजे सहा दिवसांचं काम गेलं. तिनं विचारलं, "दुसऱ्या कोणाची मेंढरं?" सगळ्यांची कातरलेली. टेंभुर्णीला माझा साडू आहे, त्याला फोन लावला. तो म्हणला, दसऱ्याआधीच झाली. अन् मेंढरं मिळाली असती तरी काजळी कुठून आणायची?

शोएबला एक सुचलं. लोकर पोत्यात भरून घरातच होती. तो म्हणला, "मामू, गोंद से चिपका देंगे. दूर से क्या पता चलता?" मी म्हणलं, "माझ्या जनावराला गोंद लागणार न्हाई." तो म्हणला, "बस एक को मामू, काजळी को." मी म्हणलं, "एकीला पण न्हाई." बघा, नुकसान मी केलेलं, तरी आवाज माझाच मोठा. गयाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली अन् मला म्हणली, "फोन करायला तोंड नव्हतं, आता ओरडायला आहे का?" चाळीस वर्षांत ती मला लोकांसमोर असं बोललेली न्हाई. मी बाहेर बांधावर जाऊन बसलो.

त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी बघितलं न्हाई, गयाबाईनं अन् शोएबनं सांगितलेलं लिहितो. पोरगी घरात जाऊन तिच्याजवळ बसली. गयाबाईच्या पुढं लोकरीचा ढीग होता. काळी, पांढरी, करडी वेगळी काढायचं काम चाललं होतं. ती काम करता करता म्हणली, "ही बघ, काजळीची."

"कशावरून मामी?"

"मानंला काटा लागून जखम झाल्ती तिच्या. तिथली लोकर आखूड आहे अन् राठ आहे. डोळे मिटून सांगते."

"ह्या एवढ्या ढिगात?"

"हाताला कळतं की. तुला तुझ्या आईचं लुगडं अंधारात कळत न्हाई?"

पोरगी उठून उभी राह्यली. म्हणली, "शोएब, कॅमेरा लाव."

असा शेवट बदलला. आता सिनेमात काजळी सापडतच न्हाई. म्हातारी दिवसभर हुडकून सांजच्याला घरी येते. कोपऱ्यात मागच्या कातरणीची लोकर पडलेली असते. ती दिव्याला हात लावत न्हाई. दारातून येतो तेवढ्या उजेडात ढिगाऱ्यात हात घालते अन् चाचपत चाचपत एका मेंढीची लोकर वेगळी काढते. मांडीवर घेते. बस. तोंड दिसत न्हाई, हातच दिसतात. तीन दिवसांच्या सांजा लागल्या त्याला. मी त्या तिन्ही दिवशी बांधावरच होतो. चौथ्या दिवशी जाताना प्रज्ञा माझ्यापाशी आली.

"येते मामा."

मी म्हणलं, "सिनेमात माझं नाव टाकू नको."

"का?"

"ज्यानं शब्द राखला न्हाई त्याचं नाव कशाला?" आतून खरं बोललो होतो, पण सूर असा होता की जशी तिनंच चूक केली.

ती एवढंच म्हणली, "बघू." अन् गेली.

तारखेच्या आत अर्ज गेला म्हणून शोएबनं कळवलं. मंग दोन महिने काही न्हाई. त्या दोन महिन्यांत तीन सिनेमावाले माझ्याकडं येऊन गेले, मी जनावरं दिली न्हाईत. गावात विचारलं तर सांगायचो, गुडघा दुखतो. काजळीची लोकर गयाबाईनं विकायच्या पोत्यात घातली न्हाई, वेगळ्या पिशवीत बांधून खुंटीला लावली. जाता येता ती पिशवी मला दिसायची.

मंग एक दिवस प्रज्ञाचा फोन आला. माझ्या फोनवर न्हाई, शेजारच्या घरी, गयाबाईला बोलवून घेतलं. सिनेमा निवडला होता. "दोघांनी पुण्याला यायचं," असं तिनं सांगितलं. मी म्हणलं, "तू जा." गयाबाई म्हणली, "मी एकटी एसटीत चढत न्हाई हे तुम्हाला ठाऊक आहे." ते खोटं आहे, ती एकटी माहेरी जाऊन येते. पण मी गेलो.

त्या महोत्सवाचं काय सांगू. भली मोठी इमारत, गळ्यात पाट्या अडकवलेली माणसं, प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतोय "तुमची कोणती?" आपल्याकडं बाजारात बैलाबद्दल विचारतात तसं. प्रज्ञाचा बाप पण आला होता, इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यागत. आम्हाला त्याच्याच शेजारी जागा. आधी दुसऱ्यांचे चार सिनेमे झाले. एकात एक माणूस नुसता जिना चढत होता, वर पोचलाच न्हाई. मंग आमचा.

माझी मेंढरं मी आयुष्यभर बघितली, पण अंधारात एवढी मोठी कधी बघितली न्हाई. काजळी पडद्यावर आली तेव्हा गयाबाईनं माझं मनगट धरलं. अन् शेवटी ते हात. चार पुरुष लांबीचे हात. त्या हातांनी माझी भाकरी थापलेली, अन् ते असे असतात हे मला तिथं कळलं. कोणी खोकत पण नव्हतं.

मंग काळ्या पडद्यावर नावं चढायला लागली. मी हळू वाचतो, नावं जल्दी चढतात. गयाबाई कानात म्हणली, "वाचा की."

"पहिलं तुझं आलं."

"मंग?"

मंग प्रज्ञाचं, शोएबचं, अजून कोणाकोणाचं गेलं. अन् एक शब्द आला तो मी फोड करून वाचला. का-त-र-णी. त्याच्याखाली मारुती कोंडिबा. त्याच्याखाली रंगनाथ, अन् बाकी चौघं. सहाच्या सहा. बापासकट नावं लिहिलेली.

"काय आहे?" गयाबाईनं परत विचारलं.

मी म्हणलं, "सावड आहे आपली."

सिनेमा झाल्यावर तिथं एक पद्धत आहे. ज्यानं सिनेमा काढला त्याला पुढं उभं करतात अन् बसलेली माणसं सवाल विचारतात. एका दाढीवाल्यानं प्रज्ञाला विचारलं, "हा शेवट पहिल्यापासून कागदावर होता का?"

आमच्याकडं तिनं बघितलं न्हाई, मुद्दाम बघितलं न्हाई. म्हणली, "न्हाई. शूटिंग करताना सुचला."

खोटं न्हाई बोलली, पण माझ्यावर पांघरूण घातलं. मला ते सोसलं न्हाई. मी उभा राह्यलो. कोणीतरी माझ्या हातात माईक आणून दिला, मी तो लागत न्हाई म्हणलं, माझा आवाज रानात ऐकू जातो.

"तिला न्हाई सुचला. माझ्या ह्या बायकोला सुचला. अन् तशी पाळी आली ती माझ्यामुळं. मी फोनवर हो म्हणलो होतो, लोकर तशीच ठेवीन म्हणून. दोनदा म्हणलो होतो. अन् चार माणसं हसतील म्हणून कातरली. आठ दिवसांचा शब्द होता असं मी सांगत फिरलो ते खोटं आहे."

आधी लोक हसले, मंग टाळ्या वाजवायला लागले. मी खाली बसलो. शब्द मोडल्याच्या कोणी टाळ्या घेतं का? गयाबाई मातर लुगडं सावरून उठली अन् सगळ्यांना हात जोडून बसली. प्रज्ञाच्या बापानं माझ्याकडं वळून बघितलं. म्हणला, "तुम्ही असं बोललात म्हणून विचारतो. पोरीच्या हातात काही आहे का हो?"

मी म्हणलं, "गुरुजी, मी कंटिन्युटीबाबा आहे. मला तरी वाटतं आहे."

बक्षीस मिळालं न्हाई. पण तो सिनेमा पुढं सहा ठिकाणी फिरला, त्यातलं एक परदेशात, तिथं माझ्या काजळीखाली इंग्रजी अक्षरं होती म्हणे. नकाराच्या गोड चिठ्ठ्या किती आल्या ते पोरीनं सांगितलं न्हाई. बी.एड.चा अर्ज मातर भरावा लागला न्हाई. मी परत जनावरं द्यायला लागलो. रंगनाथला मी त्याचं नाव आल्याचं सांगितलं, तो आठ दिवस चौकात तोच विषय करत होता. नाव किती मोठ्या अक्षरात होतं हे मला त्यानं किमान वीस वेळा विचारलं.

तेव्हापासून प्रत्येक कातरणीला एक गोष्ट ठरलेली आहे. सावडीची माणसं येतात, कातऱ्या पाजळून बसतात, अन् मी वाड्याच्या भिंतीवर चढतो, कारण खाली रेंज न्हाई. त्यांच्यासमोर फोन लावतो. "बाई, कातरू का?" ती कुठं पण असो, हसून म्हणते, "कातरा मामा." मंग मी उतरतो अन् हळद-कुंकू मागतो. रंगनाथ दर वेळी काहीतरी बोलतो. बोलू द्या.

यंदा प्रज्ञाचा दुसरा सिनेमा चालू आहे, तो पण इथंच. मी फोन लावला. ती हसली न्हाई. म्हणली, "मामा, दोन दिवस थांबता येईल का? एकच शॉट राह्यलाय. पण तुमची पाळी जाणार असेल तर कातरा. मी बघते काय ते."

मी म्हणलं, "थांबतो." भिंतीवरून उतरलो अन् पाच जणांना सांगितलं, "चहा घ्या अन् घरी जा."

रंगनाथ म्हणला, "पाळी गेली तर गेली हां मारुती. परत येणार न्हाई आम्ही."

"नका येऊ."

ते गेले. दोन दिवसांनी शॉट झाला. तिसऱ्या दिवसापासून मी अन् गयाबाई दोघंच कातरायला बसलो. आता हातात पहिल्यासारखा जोर न्हाई. दिवसाला पाच-सहा मेंढरं होतात, मंग बोटं मिटत न्हाईत. साठ मेंढरं. गयाबाई म्हणली, "दिवाळी वाड्यातच जाती आता." म्हणली, पण तक्रारीच्या सुरात न्हाई.

पाचव्या दिवशी सकाळी वाड्याचं फाटक वाजलं. रंगनाथ होता, काखेत कातर. एक मेंढी धरली, चारी पाय बांधले, अन् माझ्याकडं पाठ करून कातरायला बसला. दोन मेंढरं झाल्यावर मान न वळवता म्हणला, "ह्या टायमाला तिला सांग, माझं नाव पहिलं टाकायचं. तुझ्या वर."

मी हो म्हणणार होतो. तोंडात आलं होतं.

मी म्हणलं, "तिला विचारतो, मंग सांगतो." अन् फोन घेऊन भिंतीवर चढलो.